पॉलीहाऊसखालची विहीर

नशिराबाद,
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप नाना यांस,
नूतनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. राजस पारोळ्यापर्यंत झोपला आणि तिथून एरंडोल येईपर्यंत रडला. सासूबाईंनी दारातच मीठमोहऱ्या ओवाळल्या. तुमचे जावई दुसऱ्याच दिवशी रावेरला केळीच्या पॅकिंगवर गेले. रजा सगळी दवाखान्यात संपली.

पत्र लिहिते याचं नवल वाटू देऊ नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, व्हिडिओवर तुम्ही नुसती मान हलवता. शिवाय घरातला फोन नवलच्या हातात असतो आणि सध्या आम्हा बहीण-भावाचं बोलणं नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

दवाखान्यातल्या गडबडीत डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्यापर्यंत पोचलं नसेल, म्हणून पुन्हा सांगते. राजसचे ओठ आणि नखं निळी पडली ती हृदयाच्या दुखण्याने नव्हे. माझ्या तापात दूध आटलं म्हणून आपण त्याला डब्याचं दूध देत होतो. ते कालवायला पाणी आपल्या विहिरीचं. त्या पाण्यात नायट्रेट फार आहे. मोठ्या माणसाला ते लगेच जाणवत नाही, पण तीन महिन्यांच्या बाळाच्या रक्तात त्यामुळे प्राणवायू धरला जात नाही. इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून रंग परत आला. ह्यांनी बाटली भरून आमच्या जळगावच्या प्रयोगशाळेत दिली होती. लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅम ही मर्यादा. आपल्या विहिरीचा आकडा एकशे अडतीस.

हे नायट्रेट पॉलीहाऊसमधून येतं. नवल टोमॅटोला नत्र देतो ते झाडाला लागतं त्याहून कितीतरी जास्त. उरलेलं पाण्याबरोबर मुरमातून खाली झिरपतं, आणि खाली आपली विहीर आहे.

आईला एक नक्की सांगा. ती पाणी कितीतरी वेळ उकळायची, ते बाळासाठीच. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. डॉक्टर हे तिच्यासमोर बोलले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला तो गाडी निघेपर्यंत काढला नाही. यात तिचा दोष नाही. मी प्रयोगशाळेत काम करते, मीही तिला थांबवलं नव्हतं.

तुम्ही सगळे पिण्यासाठी गावातून शुद्ध पाण्याचा जार आणा. आणि नाना, आपल्या खाली तोताराम काकांची विहीर आहे. त्यांच्या सुनेला माघात दिवस भरतील. त्यांना सांगायला हवं.

राजस बरा आहे. मीच बरी नाही. तो झोपला की दर थोड्या वेळाने मी त्याला उचलून खिडकीपाशी नेते आणि ओठ बघते. सासूबाई म्हणतात, बाळाला झोपू दे.

उत्तर लवकर यावं. माया आहेच, ती अशीच राहो.

आपली,
नूतन

---

मळा, ता. धुळे,
१५ ऑक्टोबर

चि. सौ. नूतन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि.

पत्र मिळालं. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, म्हणून पत्राचा आनंद पुरेपूर झाला. मजकुराचा मात्र झाला नाही.

पिण्याचा जार सुरू केला आहे. जितेंद्ररावांना माझा निरोप दे की रावेरची केळी आम्हाला फक्त ऐकायलाच मिळतात, आणि मला तर ऐकायलाही येत नाही.

तुझ्या आईला तू लिहिलंस ते मी मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.  ज्या पातेल्यात पाणी उकळायची ते तिने घासून माळ्यावर टाकलंय. चहाला आधणसुद्धा ठेवत नाही; चहा आता मी करतो आणि तो कसा होतो ते विचारू नकोस. दिवसातून एकदा माझ्यासमोर येऊन उभी राहते आणि ओठांची हालचाल मला कळेल अशी सावकाश विचारते, ‘पोऱ्याना रंग कसा शे?’ मी चांगला आहे म्हणतो. मग ती गोठ्यात निघून जाते. काल जाता जाता म्हणाली, ‘बठ्ठं मन्हा हातनंच व्हयनं.’ सगळं तिच्याच हातून झालं म्हणे. माझं उत्तर ऐकायला थांबली नाही.

आता नवलचं. तू दवाखान्याच्या बोळात त्याला म्हणालीस की तुझ्या टोमॅटोनी माझ्या पोराचा रंग खाल्ला. मला ते तेव्हा ऐकू आलं नव्हतं, नंतर कळलं, पण त्याचं तोंड मी पाहिलं होतं. घरी आल्या आल्या त्याने पॉलीहाऊसमधली खताची टाकी ओतून टाकली नाही एवढंच. झडप बंद केली, वर तार बांधली. कॅल्शियम नायट्रेट नाही, युरिया नाही, काही नाही. नुसतं पाणी चालू आहे. मी विचारलं तर त्याने पाटीवर लिहून दाखवलं, की अक्काला पाहिजे तेच करतोय.

झाडं ऐन फुलोऱ्यात आहेत. खालची पानं आधी फिकी झाली, आता पिवळी होऊन वर चढत आहेत. फुलं गळून वाफ्यात पडतात. मी आयुष्यभर कापूस केला, टोमॅटोचं मला फारसं कळत नाही, पण उपाशी झाड ओळखू येतं. वीस गुंठ्यांत शिरलं की पूर्वी हिरवा अंधार वाटायचा, आता सगळीकडे उजेड दिसतो. नवल दिवसभर त्यातच बसून असतो.

तोतारामला अजून सांगितलं नाही. नवल म्हणतो गावात कळलं तर आपल्या टोमॅटोला व्यापारी हात लावणार नाही, आणि तोतारामचा मगन आधीच बांधावरून धुसफुसतो आहे. मला काही सुचत नाही. तू काय ते लिही.

बाळाला माझा पापा दे. तुझ्या लोभात अंतर नाही हे मला माहीत आहे. नवलच्याही नाही, पण ते त्याला अजून माहीत नाही.

तुझा,
नाना

---

नशिराबाद,
२२ ऑक्टोबर

तीर्थरूप नानांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातलं काम सुटलं. मी खत बंद कर असं कधी म्हटलं? मी रागात बोलले ते वेगळं, आणि त्याने रागात केलं ते वेगळं. नत्र पूर्ण तोडून विहीर साफ होणार नाही. पावसाळाभर जे मुरमात उतरलंय ते महिनोन्‌महिने उतरतच राहील. झाडं मात्र मरतील.

नवलला सांगा असं मी म्हणत नाही. तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही पत्र कुठे ठेवता ते मला ठाऊक नाही आणि विचारायचंही नाही.

झडप उघडायला हवी. मात्र पूर्वीचा डोस नको. त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. आठवड्याचं एकदम नाही, तर रोज थोडं थोडं, ठिबकमधून. ठिबकही पूर्वीसारखं तासन्‌तास नको. मुळांच्या खाली ओल गेली की तिच्याबरोबर नत्र गेलंच. वाफ्यात हातभर खड्डा करून बघावा. तळ चिखल असेल तर पाणी जास्त होतंय.

दुसरं, आमच्याकडे सध्या ज्याची फार चर्चा आहे ती गोष्ट. वनस्पतीपासून काढलेली उत्तेजकं. दुकानदार सगळ्यालाच टॉनिक म्हणतात, पण त्यात दहा प्रकार असतात. मी म्हणते तो द्विदल धान्यांच्या प्रथिनांचा अर्क. तो पातळ करून पानांवर फवारतात किंवा मुळाशी देतात. त्याने मुळं जास्त फुटतात आणि मातीत असलेलं नत्र झाड अधिक चांगलं उचलतं, असं दिसलं आहे. पण तो खत नाही, नाना. दुकानात कोणी सांगेल की हे मारा, खताची गरजच नाही, तर तिथून उठून यावं. मी जे निष्कर्ष वाचले त्यांत काही ठिकाणी कमी नत्रावर माल टिकला, काही ठिकाणी काडीचाही फरक पडला नाही. म्हणून खात्री देत नाही. अर्ध्या पॉलीहाऊसला अर्क द्यावा, अर्ध्याला नुसता कमी डोस, म्हणजे आपल्याला आपल्या मातीत काय होतं ते दिसेल. फवारणी सकाळी ऊन चढायच्या आत, आणि बाटलीवर लिहिलंय त्याहून दाट कधीच नाही.

हे सगळं सल्ला म्हणून लिहिताना मला धीटपणा वाटतो आहे असं समजू नका. सल्ला चुकला तर त्याचं वर्ष गेलं, आणि मग माझ्या तोंडाकडे तो जन्मात बघणार नाही.

तोताराम काकांना सांगायचं राहू देऊ नका. व्यापाऱ्याचं काय ते नंतर बघू. टोमॅटो खाऊन कोणाला काही होत नाही, प्रश्न पाण्याचा आहे. त्यांची सून ते पाणी रोज पिते आहे आणि उद्या बाळाला तेच उकळून देतील.

मी पुढच्या सोमवारपासून कामावर रुजू होते. राजसला सासूबाईंजवळ ठेवणार. पाणी कुठून, बाटली कशी, सगळं त्यांना इतक्यांदा सांगितलं की त्या मला आता ‘बाई’ म्हणायला लागल्या आहेत, शाळेतल्या.

आईला सांगा, रंग गुलाबी आहे. आणि तिने विचारायचं थांबवू नये.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
नूतन

---

मळा,
७ नोव्हेंबर

चि. सौ. नूतन हिस,
अ. आ.

तुझं पत्र मी भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची घडी वेगळी होती आणि वाफ्यात हातभर खोल खड्डा होता. तळाशी चिखल निघाला. नवलने मला बोलावून तो दाखवला, जणू खड्डा त्याला आपोआप सुचला. मीही मान हलवली. तेवढं मला छान जमतं, तूच लिहिलंयस.

तार सुटली. झडप उघडली. पाण्याची वेळ कमी केली. मग तो धुळ्याला जाऊन अर्क घेऊन आला. काळपट, काकवीसारखा, वास डाळ भिजत घालून विसरल्यासारखा.

आणि घात झाला. झाडं पिवळी पाहून याच्या जिवाला दम नव्हता. त्याने दाट केला आणि भर दुपारी पंप पाठीवर घेतला. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडच्या वाफ्यांत पानांच्या कडा करपून तपकिरी झाल्या होत्या. मी त्याला ओरडलो असतो, पण तो स्वतःच वाफ्यात खाली बसला होता. पान हातात घेऊन एकेक कड बोटाने चाचपत होता. तुझी आई पॉलीहाऊसच्या दाराशी आली, पाहून परत गेली. आमच्या घरात हल्ली कोणी कोणाला काही बोलत नाही. बहिरा मी एकटाच आहे, पण शांतता सगळ्यांना सारखी मिळते.

आता तो बाटलीवरचं वाचून, सकाळी फवारतो. पूर्वेकडच्या अर्ध्याला अर्क, पश्चिमेकडच्या अर्ध्याला नुसता कमी डोस. कडेच्या एका वाफ्याला मात्र त्याने खत अजिबात दिलं नाही, फक्त अर्क. दुकानदार तसं म्हणाला होता आणि त्याला ते बघायचंच आहे. काय होतं ते कळवीन. नव्या शेंड्यांना थोडा हिरवा रंग येतोय असं मला वाटतं, पण मला वाटण्यावर जाऊ नकोस.

तोतारामचं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. नवलला चल म्हटलं, तो बैलाला पाणी पाजायला निघून गेला. तोतारामने खाट टाकली, सुनेने चहा आणला. तिला बघून मी कप खाली ठेवला. मग सांगितलं: आमच्या विहिरीत दोष निघाला, तुझी तपासून घे, बाळाला धोका आहे. तोताराम बराच वेळ बोलला. हात हलवत होता. मगन मध्येच उठून गेला. मला त्यातलं एक अक्षरही ऐकू आलं नाही, नूतन. पाटी घरी विसरली होती. शेवटी मी नमस्कार करून निघालो. त्याला पटलं की तो चिडला, हे मला आजही सांगता यायचं नाही.

सासूबाईंना नमस्कार. तुझी काळजी वाटते हे लिहिण्याची गरज नाही, तरी लिहितो.

तुझा,
नाना

---

नशिराबाद,
११ नोव्हेंबर

तीर्थरूप नानांस,
शि. सा. न. वि. वि.

तोताराम काका चिडले आहेत. मला राहवलं नाही, मी त्यांच्या घरी फोन केला. ते म्हणाले की तुझा बाप अभिमन आता म्हातारपणी माझ्या विहिरीला नावं ठेवायला आला. आमचं पाणी गोड आहे, तीन पिढ्या प्यायल्या. बांधाचा वाद मिटत नाही म्हणून सुनेला भीती घालता का, असंही म्हणाले. मी सांगत राहिले की नायट्रेटला चव नसते, वास नसतो, रंग नसतो. त्यांनी फोन मगनकडे दिला आणि मगनने तो बंद केला. बाटलीभर पाणी द्या, तपासून देते, एवढंच मागत होते.

तुम्ही गेलात हे खूप झालं. पण मला वाटतं तुम्ही त्यांना एक गोष्ट सांगितली नसावी, आणि तीच मुख्य आहे. हे पाणी आपल्या पॉलीहाऊसमुळे बिघडलं. तुझी विहीर बघ म्हटलं तर माणसाला राग येतो. आमच्यामुळे झालं म्हटलं तर कदाचित ऐकेल. आणि ते तुम्ही म्हणून उपयोगाचं नाही. ज्याचं पॉलीहाऊस आहे त्यानेच म्हणायला हवं.

म्हणून खालचा मजकूर त्याच्यासाठी. देवळीतच ठेवा.

नवल, मी बोळात जे बोलले ते अर्धं खरं होतं. पाणी बिघडलं हे खरं. तू बिघडवलंस असं मी म्हणाले ते खरं नाही, कारण तुला कोणी सांगितलं नव्हतं की जास्त झालेलं कुठे जातं. आता तुला माहीत आहे. तोताराम काकांच्या सुनेला माहीत नाही. मला तिचं नावही ठाऊक नाही, पण रोज कामावर पाण्याच्या बाटल्या हातात आल्या की पहिली तीच आठवते. त्या दिवशी मळ्यावर राजसला उचलून मी माडीचा जिना उतरले होते तेव्हा तो रडतही नव्हता, नवल. हे तिच्या वाट्याला येऊ नये एवढंच मागते. बाकी काही नाही.

नाना, झाडांचं कळवा. करपलेल्या पानांचं वाईट वाटू देऊ नका, ती झाडं सावरतील. थंडी वाढली की मुळं मंद होतात, त्यामुळे महिनाभर तरी पिवळेपणा पूर्ण जाणार नाही. मला मेला तेवढाच धीर देता येतो.

राजस पालथा पडायला लागलाय. पडतो आणि मग सगळ्यांवर रागावतो, मामासारखा.

लोभ धरून असावं.
नूतन

---

मळा,
१९ डिसेंबर

चि. सौ. नूतन हिस,
आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, त्याची कारणं पुढे येतीलच.

आधी टोमॅटो, कारण तुझा जीव तिथे अडकलेला असेल. तोडा सुरू झाला. पूर्वेचा अर्धा भाग, ज्याला अर्क दिला, तो पश्चिमेहून चांगला आहे. पानं गेल्या वर्षीसारखी काळीभोर नाहीत, साधी हिरवी आहेत, पण फळ भरलेलं आहे आणि रंग एकसारखा येतो. पश्चिमेकडे फळ बारीक, झाड फिकट. आता त्यात करपलेल्या पानांचा वाटा किती आणि अर्क नव्हता याचा किती, हे देवाला माहीत. नवलनेच हे मला पाटीवर लिहून दाखवलं, तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. आणि कडेचा तो वाफा, नुसत्या अर्कावरचा, संपला. काड्या उभ्या आहेत. नवलने तो उपटला नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. एकूण माल गेल्या वर्षीपेक्षा कमीच निघेल, पण निघेल.

आता दुसरं. तुझा मजकूर नवलने वाचला हे मला कळलं, कारण त्या दिवसापासून तो जेवताना माझ्याकडे बघेना. पंधरवडा गेला, महिना गेला. मी आशा सोडली होती.

परवा सकाळी मी बांधावर बसलो होतो. बघतो तर तुझी आई डोक्यावर पदर घेऊन तोतारामच्या घराकडे निघालेली. दवाखान्यातून आल्यापासून तिने मळ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मी हाक मारली, पण माझा आवाज किती निघतो ते मला हल्ली कळत नाही. ती थांबली नाही. मी बांधावरूनच पाहिलं. तोतारामची बायको आणि सून अंगणात डाळ पाखडत होत्या. तुझी आई त्यांच्यासमोर खाली बसली आणि बोलायला लागली. तीन महिन्यांचं साठलेलं बोलत असावी. मध्येच तिने दोन्ही हात पुढे केले, पातेलं धरतात तसे. मग तेच हात उलटे करून त्यांना दाखवले. सुनेने सूप खाली ठेवलं.

तेवढ्यात नवल माझ्या बाजूने धावत गेला. आईला परत आणायला निघाला असं मला वाटलं. पण तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. तोताराम घरातून आला, मगन गोठ्यातून. नवलने आमच्या पॉलीहाऊसकडे बोट केलं, मग खाली त्यांच्या विहिरीकडे. मगन त्याच्या अंगावर गेला. धक्का दिला. नवल पडला, उठला, पुन्हा तिथेच उभा राहिला आणि बोलत राहिला. मी काठी घेऊन निघालो, पण माझे पाय तुला माहीत आहेत. मी पोचेपर्यंत तोतारामने मगनला मागे ओढलं होतं. मग तोताराम विहिरीवर गेला, स्वतः बादली सोडली आणि पाणी काढलं.

संध्याकाळी नवल मला म्हणाला, म्हणजे लिहून म्हणाला, की आई काय बोलली. ती म्हणाली की मी नातवाला माझ्या हाताने आजारी केलं, मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगते आहे. एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

नवल उद्या बाटली घेऊन तुझ्याकडे निघतो आहे. पत्र आधी पोचतं की तो, बघू. त्याच्या कोपराला खरचटलं आहे. त्यावरून त्याला काही विचारू नकोस.

तुझा,
नाना

---

नशिराबाद,
२४ डिसेंबर

तीर्थरूप नानांस आणि आईस,
दोघांना नमस्कार.

तोच आधी पोचला. मी प्रयोगशाळेच्या खिडकीत नमुने नोंदवून घेत होते. मान वर केली तर रांगेत नवल. जामनेरचे एक शेतकरी आणि दोन पोती माती यांच्यामागे. पुढे ये म्हटलं नाही, तोही आला नाही. पाळी आली तेव्हा त्याने बाटली ठेवली. मी नेहमीप्रमाणे विचारलं, विहीर कोणाची. तो म्हणाला, तोताराम पाटलांची. मग बाटली पुढे सरकवून म्हणाला, आणि बिघडवली आम्ही, तेही लिही. मी म्हटलं, तसा रकाना नाही.

त्या बाटलीचा आकडा अठ्ठ्याहत्तर आला. आपल्याइतका नाही, पण बाळासाठी वाईटच. मी स्वतः तोताराम काकांना फोन केला. या वेळी त्यांनी मगनकडे दिला नाही. ते म्हणाले, सुनेला जारचं पाणी सुरू केलं आहे, आणि बाळाला आईचंच दूध मिळेल असं बघू. फोन ठेवताना म्हणाले की नवलला मार लागला का, विचार.

घरी आल्यावर नवल ओसरीवरच बसला. सासूबाईंनी राजसला आणून सरळ त्याच्या हातात दिलं. नवलला कळेना धरायचं कसं. राजसने त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं आणि नवलने ते काढून घेतलं नाही. सगळा शर्ट भिजला. आम्ही फारसं बोललो नाही. नत्र बोललो, ठिबक बोललो. निघताना तो म्हणाला, अक्का, पुढच्या वर्षी पश्चिमेलाही अर्क देतो, पण ऊन चढायच्या आत. मी हसले आणि मग मला रडू आलं, तेव्हा तो चपला शोधायला लागला.

आई, तू तोताराम काकांच्या अंगणात गेलीस. मला तुझ्याविषयी काय वाटतं ते पत्रात मावणार नाही. माळ्यावरचं पातेलं खाली काढ आणि नानांच्या हातचा चहा बंद कर, ते माझ्याकडे तक्रार करतात.

राजसचं जावळ नवव्या महिन्यात करायचं घाटतंय. मळ्यावर करावं असं ह्यांचं म्हणणं आहे. माझं मन अजून धजत नाही. विहिरीकडे पाहिलं की मला तो जिना आठवेल. रागावू नका.

नूतन

---

मळा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
नवलचा नमस्कार. मी पत्र कधी लिहिलेलं नाही, शाळेत लिहिलं तेवढंच, मुख्याध्यापकांना. तेव्हा मायना चुकला असेल तर नानांकडे बोलू नको.

तोताराम काकांना नात झाली. काल आई बघून आली. आल्यावर ती स्वतःहून माझ्याशी बोलली. ‘लाल गुंज शे,’ म्हणाली.

टोमॅटो उतरणीला लागला. हिशोबाने गेल्या वर्षापेक्षा कमी, पण मला वाटलं होतं तेवढा कमी नाही. अर्काच्या बाजूला झाडं अजून फुलतात. नत्राची पोती मागच्या वर्षाच्या निम्म्यावर थोडीच गेली. मी दुकानदाराला काड्यांचा वाफा दाखवायला घेऊन आलो होतो. तो म्हणाला जमीन खराब असेल. मी त्याच्याच शेजारचा वाफा दाखवला.

आपल्या विहिरीचं पाणी परत तपासलं, तुमच्या प्रयोगशाळेतला कागद सोबत आहे, तू सुट्टीवर होतीस त्या दिवशी दिलं. एकशे सोळा. उतरलं म्हणायचं तर उतरलं. प्यायचं म्हणायचं तर अजून वर्ष जाईल, कदाचित जास्त. मी तुला खोटं सांगणार नाही.

जावळाचं नाना म्हणाले. मी तुला मळ्यावर ये म्हणणार नाही अक्का. त्या विहिरीकडे बघायला मलाही जड जातं आणि मी तर रोज बघतो. जावळ नशिराबादलाच कर. मामाची मांडी लागते, ती घेऊन मी तिकडे येतो. आई येते म्हणाली आहे. नाना तर आत्ताच कपड्यांना इस्त्री करून बसले आहेत.

एवढंच. चूकभूल पोटात घाल.

नवल

---

नशिराबाद,
१४ फेब्रुवारी

चि. नवल यास,
अक्काचे आशीर्वाद.

मायना बरोबर होता. मुख्याध्यापकांनाही इतका चांगला लिहिला नसशील.

पत्र आलं तेव्हा हेही घरी होते. आम्ही दोघांनी वाचलं. सासूबाईंनी विचारलं, मग काय ठरलं? माझ्या तोंडून उत्तर निघालं तेव्हा ते मलाही नवीनच होतं.

जावळ मळ्यावर करू. पुढच्या रविवारी सकाळी निघतो, ऊन चढायच्या आत पोचतो. तोताराम काकांच्या घरी सगळ्यांना सांगून ठेव, त्यांच्या सुनेला मी येऊन भेटते; तिचं नाव मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

राजस आता पेल्याने पाणी पितो. ह्यांनी विचारलं की प्रवासाला त्याचं पाणी किती घ्यायचं. वाटेपुरतं घेऊ म्हटलं. तिथलं, जारचं, तू भरून ठेव.

तुझी,
अक्का